किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वी

शासकीय नोकराला आपल्या निवृत्तीची तारीख ठाऊक असते. व्यापाऱ्याला ती ठरवावी लागते. नगर-पाथर्डी मार्गावरील तिसगावसारख्या बाजाराच्या गावात किराणा, कापड वा आडतीचे दुकान सांभाळणारा गृहस्थ साठी उलटल्यावरही गादीवर बसतो आणि एके दिवशी तिजोरीची किल्ली मुलाच्या हाती देतो. दुकान, माल आणि उधारी मुलाकडे जाते. परंतु आई-वडिलांच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांचे औषधपाणी, यात्रा आणि दानधर्म कोणत्या रकमेतून चालावयाचे, हे वहीत बहुधा लिहिलेले नसते. घरात कितीही स्नेह असला तरी वृद्ध मातेला दरमहा हात पसरावा लागू नये, ही तजवीज कर्त्या पुरुषाने हयातीतच केली पाहिजे.

मार्ग अनेक आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजना 1 मे 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल 2023 पासून पंधरा लाखांवरून तीस लाख रुपये झाली. लघु व्यापाऱ्यांसाठी 2019 साली सुरू झालेल्या योजनेत साठीनंतर दरमहा तीन हजार रुपये मिळतात. मात्र प्रवेशाचे वय 18 ते 40 आणि वार्षिक उलाढाल दीड कोटींपर्यंत असावी लागते. प्रश्न मार्गांचा नाही, निवडीचा आहे. विमा कंपनीकडून एकरकमी घेतलेली वार्षिकी फेरविचाराची अल्प मुदत संपल्यावर सहसा परत फिरत नाही. पतीच्या पश्चात पत्नीला वेतन चालू राहणारा पर्याय त्या वेळी निवडला नाही, तर ती चूक पुढे दुरुस्त करता येत नाही.

अशा वेळी आपण ओळखीच्या माणसाला विचारतो. विश्वास हा व्यापाराचा प्राण आहे खरा. परंतु विश्वास म्हणजे हिशेब नव्हे. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमासंरक्षण असते आणि पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतेच. निवृत्तीची सारी पुंजी एका जागी ठेवू नये, एवढे सांगणारा तटस्थ माणूस ज्याच्याजवळ असतो, तो भाग्यवान.

तटस्थ कोण, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. दलाली ज्याच्याकडून येते त्याचे काम दलाल करतो, हे आपण बाजारात रोज पाहतो. विमा प्रतिनिधी वा म्युच्युअल फंडाचा वितरक आपणाकडून शुल्क घेत नाही. त्याचे उत्पन्न कंपनीकडून येते. त्यात लबाडी नाही, पण सल्ला फुकटही नाही. समजा, चाळीस लाखांच्या गुंतवणुकीवर वर्षाला पाऊण टक्का कमिशन जात असेल, तर ते तीस हजार रुपये होतात आणि दहा वर्षांत, रक्कम वाढली नाही असे धरले तरी, तीन लाख. ही रक्कम आपल्याच पुंजीतून जाते. केवळ आपल्या हाताने दिली जात नाही, म्हणून खुपत नाही.

याउलट सेबीने 2013 च्या नियमांनुसार नोंदणी दिलेला गुंतवणूक सल्लागार आपले शुल्क थेट ग्राहकाकडून घेतो आणि ज्याला सल्ला देतो त्याच ग्राहकाकडून वितरणाचे कमिशन घेऊ शकत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. वितरकाचा 'एआरएन' असतो. क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावा. आपल्या तालुक्यात असा सल्लागार नसला तरी दूरध्वनीवरून वा चलचित्र-संवादाने काम होते.

शुल्क ठरावीक रकमेत किंवा गुंतवणुकीच्या टक्केवारीत आकारले जाते. टक्केवारी घेणाऱ्यास आपले पैसे गुंतवणुकीत राहण्यातच लाभ असतो; मग दुकानाचे कर्ज आधी फेडा, असे तो कितपत मोकळेपणाने सांगेल? ज्याचे बहुतेक धन दुकानात, जागेत आणि उधारीत आहे, त्याला ठरावीक शुल्कच सोयीचे.

करार लेखी असावा. शुल्क रोखीने देऊ नये, बँकेमार्फत द्यावे. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यात कधीही भरू नयेत. निश्चित परताव्याची हमी देणाऱ्याला तेथूनच नमस्कार करावा. पहिल्या बैठकीला पत्नीला आणि दुकान सांभाळणाऱ्या मुलाला सोबत न्यावे. दुकानातून किती भांडवल काढावयाचे, हा निर्णय तिघांचा आहे.

सनदी लेखापालाचे शुल्क आपण दरवर्षी विनातक्रार देतो, कारण त्याने वाचविलेला कर कागदावर दिसतो. निवृत्तीच्या सल्ल्याचे फळ तसे लगेच दिसत नाही. ते दिसते पुष्कळ वर्षांनी, जेव्हा घरातील वृद्धा कोणालाही न विचारता स्वतःच्या खात्यातून औषध आणते आणि दानाची पावती आपल्या नावाने फाडते.