युद्धविराम दिन ते माजी सैनिक दिन

पंचांगातील दिवस स्थिर असतो, परंतु त्याचा अर्थ मात्र पिढ्यांबरोबर पालटत जातो. ज्या दिवशी एका पिढीने विजयाची तोफ डागली, त्याच दिवशी दुसरी पिढी मान खाली घालून मौन पाळते आणि तिसरी पिढी, आपण हयात असलेल्या सैनिकाचे काय देणे लागतो, असा प्रश्न स्वतःस विचारते. सैनिकांच्या सन्मानार्थ पाळल्या जाणाऱ्या दिवसाचा इतिहास हे ह्याचे उत्तम उदाहरण होय.

वीराचे स्मरण करण्याची रीत आपणांस परकी नाही. आपल्या मराठवाड्यात कित्येक गावी मारुतीच्या वा महादेवाच्या देवळापाशी वीरगळ उभे आहेत. त्यांच्या खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्यास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपूजन आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्याचा भाव. परंतु दगड कीर्ती राखतो, पोट भरत नाही. हे जाणूनच मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देत असत. स्मरण आणि पोषण अशी ही दोन कर्तव्ये आहेत. पुढील सर्व इतिहास ह्या दोहोंच्या मेळाचा आहे.

आधुनिक दिवसाचा उगम ११ नोव्हेंबर १९१८ ह्या तारखेत आहे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पश्चिम आघाडीवरील तोफा थांबल्या आणि पहिले महायुद्ध संपले. पुढील वर्षी, १९१९ मध्ये, ब्रिटिश साम्राज्यात त्याच घटकेस दोन मिनिटे मौन पाळण्यात आले. ह्या दिवसास ‘युद्धविराम दिन’ हे नाव पडले. फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवणारे तांबडे खसखशीचे फूल त्याची खूण ठरले, आणि त्याच्या कागदी प्रतिकृती विकून माजी सैनिकांसाठी निधी जमविला जाऊ लागला.

त्या युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, व हजारो परत आली नाहीत. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानचे घोडदळ जोधपूर व म्हैसूर येथील घोडदळांसह सुएझ आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढले. दिल्लीतील ‘तीन मूर्ती’ म्हणजे ह्याच तीन संस्थानांच्या सैनिकांचे स्मारक होय. १९३१ साली उघडलेल्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत.

सर्व युद्धांचा अंत करणारे युद्ध, असे ज्यास लोक म्हणत, त्याच्यानंतर एकवीस वर्षांतच दुसरे महायुद्ध पेटले. मग ‘युद्धविराम’ हा शब्दच अपुरा वाटू लागला. अमेरिकेत १९३८ पासून ११ नोव्हेंबर ही कायदेशीर सुट्टी होती. १९५४ साली तिचे नाव बदलून ‘माजी सैनिकांचा दिन’ असे ठेवण्यात आले. तेथे मृतांसाठी मे महिन्यात निराळा दिवस असल्याने हा दिवस मुख्यतः हयात सैनिकांचा झाला. ब्रिटनमध्ये मात्र त्यावर मृतांच्या स्मरणाची छाया कायम राहिली. मूळ एकच असून दोन देशांत दोन अर्थ रुजले.

स्वतंत्र भारताने तिसरी वाट धरली. परक्या साम्राज्याच्या विजयाची तारीख सोडून १९४९ पासून ७ डिसेंबर हा ‘ध्वजदिन’ ठरविण्यात आला. खसखशीच्या फुलाच्या जागी तांबडा, गडद निळा व फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचे चिमुकले निशाण आले. हे रंग अनुक्रमे भूदल, नौदल व वायुदल ह्यांचे. युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील सैनिकांचे व त्यांच्या कुटुंबांचे हित, आणि माजी सैनिकांचे कल्याण हे ध्वजनिधीचे तीन हेतू होत. बालपरवेशीचाच विचार येथे राष्ट्राच्या प्रमाणावर आलेला दिसतो.

पुढे २०१६ पासून १४ जानेवारी हा दिवस माजी सैनिकांच्या सन्मानार्थ पाळला जाऊ लागला. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली ह्याच दिवशी निवृत्त झाले. मराठी मनास ही तारीख आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १७६१ साली ह्याच दिवशी पानिपतावर आपली एक पिढी कापली गेली. हा केवळ योगायोग आहे, तरी त्यातून एक भेद ध्यानी येतो: पानिपताचा दिवस न परतलेल्यांचा, तर आजचा दिवस परतलेल्यांचा होय.

परतलेल्यांचा सन्मान करणे हे मृतांच्या सन्मानाहून कठीण असते. मृताचे मागणे संपलेले असते. जिवंताचे रोजचे असते. सैन्यातील शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. तेव्हा मुले शाळेत असतात, आईबाप वृद्ध झालेले असतात, आणि बंदूक चालविण्याचे कौशल्य आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीत कामी येत नाही. त्यास दुसरा उद्योग हवा असतो. त्याच्यामागे उरलेल्या विधवेस निवृत्तिवेतनाचे कागद समजावून सांगणारा माणूस हवा असतो. ह्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. पण कार्यालयापर्यंत जाणारी वाट पुष्कळांस ठाऊक नसते.

विद्यार्थी मित्रहो, ७ डिसेंबरास तुमच्या छातीवर लागणारे निशाण हे शोभेचे भूषण नव्हे. ती एक पावती आहे, आणि पावती म्हटली की देणे आलेच. ज्यास लिहितावाचता येते, त्याने आपल्या गावच्या माजी सैनिकाचा किंवा वीरपत्नीचा एक अर्ज लिहून द्यावा. वीरगळावरील चंद्रसूर्यांनी दिलेले वचन पाळणे शेवटी माणसांच्याच हाती आहे.