कॅरीचं युद्ध

मुलांनो, युद्धाची मालिका म्हटली, की तुम्ही लगेच विचाराल, "रणगाडे किती होते? विमानं किती पडली?" 'कॅरीज वॉर' या ब्रिटिश मालिकेत लढाई दिसतच नाही. दिसतात ती घर सोडून आलेली मुलं. बीबीसीने १९७४ साली ती पाच भागांत दाखवली.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं. शहरांवर बॉम्ब पडतील, या भीतीने ब्रिटनमध्ये तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत लाखो शाळकरी मुलांना, गावोगावी हलवलं. गळ्यात गॅस मास्कची पेटी, कोटाला नावाची चिठ्ठी. आईबाबा मात्र सोबत नाहीत!

कॅरी आणि तिचा धाकटा भाऊ निक असेच वेल्समधल्या एका खाणगावात येतात. मुलं एका सभागृहात उभी, आणि गावकरी येऊन 'ही चालेल, तो नको' असं निवडताहेत. बाजारात भाजी निवडावी तशी! आपल्याला कोणीच नेलं नाही तर? कॅरीला बॉम्बपेक्षा हीच भीती मोठी वाटते.

त्यांना आसरा मिळतो तो किराणा दुकानदार इव्हान्स यांच्या घरी. माणूस भारी कडक. जिन्यावरचा गालिचा झिजेल म्हणून मुलांनी वर-खाली करायचं नाही! निक दुकानातली बिस्किटं चोरतो. इव्हान्स पट्टा काढतात, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणतो, "भुकेपोटी घेतली, असं बाईंना सांगेन." पट्टा तिथंच थांबतो. (चोरी ती चोरीच, पण निकची हुशारी मानावीच लागते.)

लेखिका नीना बॉडेन स्वतः लहानपणी अशाच वेल्सला गेल्या होत्या. मालिका लागली, तेव्हा मुलांशेजारी बसलेल्या कितीतरी आईबाबांनीही १९३९ साली ती चिठ्ठी कोटाला लावलेली होती.

कॅरीला गावाबाहेरच्या एका जुन्या घराचा लळा लागतो. तिथं एक शापित कवटी असते. ती घराबाहेर नेली तर घर कोसळेल, असं म्हणतात. रागाच्या भरात कॅरी ती तळ्यात फेकते. नंतर गाव सोडताना आगगाडीतून बघते, तर ते घर पेटलेलं! 'हे माझ्यामुळंच झालं,' हे ओझं ती तीस वर्षं वागवते. कोणाला विचारायचं धाडस होत नाही.

मोठेपणी ती स्वतःच्या मुलांना घेऊन त्या गावी येते. पण त्या घराकडे जायला तिचे पाय धजत नाहीत. सकाळी तिची मुलंच तिकडे निघतात.