मोबाइलवरचे तोतये, भाग 4 : महावितरणच्या नावाने

मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, लगेच वीज अधिकाऱ्याला फोन करा. 2022 मध्ये अशा अर्थाचे मेसेज महाराष्ट्रभर फिरले. खाली दहा आकडी मोबाइल नंबर असे. फोन लावला की ‘साहेब’ अगदी अदबीने बोलत. बिल भरलेले दिसते, पण सिस्टीमला चढले नाही. एक अॅप घ्या आणि फक्त 10 रुपये भरा. ते अॅप एनीडेस्क किंवा क्विकसपोर्टसारखे, म्हणजे आपला स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे. दहा रुपये भरताना टाकलेला कार्ड नंबर आणि त्यावर आलेला ओटीपी पलीकडचा माणूस वाचत असे आणि खाते रिकामे होई.

हा मेसेज खोटा आहे हे कायद्यातच लिहून ठेवले आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हे शब्द त्यात बसतच नाहीत. ही गोष्ट प्रत्येक बिलाच्या माथ्यावर ठळक छापायला हवी.

महावितरणने तेव्हा जाहीर केले की कंपनीचे मेसेज ‘एमएसईडीसीएल’ ही अक्षरे असलेल्या ठरावीक नावांनीच येतात, कोणाच्या वैयक्तिक नंबरवरून नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना अशी नावे आधी नोंदवावी लागतात. ती मिळणे अवघड, म्हणून भामटे साधे सिमकार्ड वापरतात.

धाराशिव जिल्ह्यात या तोतयेगिरीला आणखी एक वाट सापडते, ती सौर पंपाची. विहिरीला पाणी असले तरी वीज कधी दिवसा, कधी रात्री. थंडीत, अंधारात दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा चालणारा पंप हवा असतो. अशा पंपांसाठी अनुदान देणारी पीएम-कुसुम योजना 2019 मध्ये आली आणि तिच्या नावाच्या बनावट वेबसाइटही लगोलग उघडल्या. ‘पीएमकिसानकुसुमयोजना डॉट सीओ डॉट इन’ यासारख्या ठिकाणांपासून केंद्र सरकारला लोकांना सावध करावे लागले. खऱ्या योजनेतही शेतकऱ्याला आपला वाटा ऑनलाइन भरायचा असतो, राज्यात सर्वसाधारण गटाला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. त्यामुळे ‘नोंदणीसाठी पैसे भरा’ हे वाक्य कोणाला खटकत नाही.

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तरच विश्वास ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अपुरा आहे. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी संस्थांना मिळते हे खरे. पण महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचे कुसुम नोंदणीचे खरे पोर्टल ‘डॉट कॉम’वर आहे आणि महावितरणची खरी साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’. म्हणजे सल्ला तंतोतंत पाळणारा शेतकरी खऱ्यालाच खोटे ठरवेल. त्यात गावचा वायरमन वसुलीसाठी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. खऱ्या कार्यालयाचा आवाज दर वेळी वेगळ्या नंबरवरून येत असेल, तर परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या माणसाने नकली आवाज ओळखावा कसा? फसलेल्याला अडाणी म्हणण्याआधी कार्यालयांनी आपला एकच पत्ता आणि एकच नंबर ठरवून तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.

पैसे गेलेच तर लाजेपोटी थांबू नये. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने सरकवली जाते. ती काढून घेण्याआधी तक्रार पोहोचली तर मधल्या खात्यात गोठवता येते. मेसेज आणि नंबर पुसून टाकू नयेत, पोलिसांना तेच लागतात.

पुढच्या भागात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाने येणाऱ्या एपीके फायलींविषयी.