अळी लागलेल्या वर्षीचे कीर्तन

या पानावर मी तुमच्याशी नेहमी बी-बियाणे, खते आणि रोग-किडी यांविषयी बोलतो. आज एका गाणाऱ्या शेतकऱ्याविषयी बोलणार आहे. तेही शेतीचेच बोलणे आहे. शेवटपर्यंत वाचलेत म्हणजे तुम्हाला पटेल.

नेवासे तालुक्यातले एक गाव. तिथे एक ख्रिस्ती कीर्तनकार राहतात. गाव त्यांना 'मास्तर' म्हणते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, जमीन अडीच एकर. थोडी बाजरी, थोडी कपाशी, दारात एक गाय. त्यांचे नाव मी देत नाही. "नाव छापलं की माणसं पाया पडायला येतात, मग पाय जमिनीवर राहत नाहीत," असे त्यांनीच मला बजावले आहे.

कीर्तनाला उभे राहिले की अंगात पांढरा सदरा, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या. मागे पेटी आणि टाळकरी. मृदंगावर गावातलाच एक वारकरी. गावात हरिनाम सप्ताह बसला की मास्तर त्याच्या शेजारी टाळ घेऊन बसतात आणि नाताळात तो यांच्या मागे मृदंग घेऊन बसतो. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. ज्या नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या मातीत ओवी कुणा एकाची राहिलेली नाही.

ओवीतला ख्रिस्त

तुमच्यापैकी काहींना ख्रिस्ती कीर्तन हा शब्दच नवा वाटेल. प्रकार मात्र जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. आपल्या अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, ही वाट रुंद केली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई आधी दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही ती वाट धरली. तो सगळा संसार लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितला आहे. घरात कुणी वाचणारे असेल तर ते पुस्तक जरूर आणा.

टिळक काही वर्षे राहुरीत राहिले. आज राहुरी म्हटले की आपल्याला कृषी विद्यापीठ आठवते. मीही तिथे प्रशिक्षणाला कैकदा गेलो, पण या गावात एवढा मोठा कवी राहून गेला हे मला मास्तरांनी सांगितले तेव्हा कळले! त्या आधी देवळात बरीचशी गाणी परदेशी चालींवर मराठी शब्द बसवून म्हटली जात. खेड्यातल्या माणसाची जीभ तिथे अडखळे. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन अशी घरची भांडी घेतली आणि त्यांत आपली भक्ती भरली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

मास्तरांच्या आजोबांनी टिळकांना ऐकले होते, असे त्यांच्या घरात सांगतात. मास्तर म्हणतात, "टिळकांनी आम्हाला नवीन काय दिलं? आमचीच बोली आमच्या तोंडात परत घातली."

माझी चूक

आता २०१७ सालची गोष्ट ऐका. त्या वर्षी महाराष्ट्रात बी.टी. कपाशीवर शेंदरी बोंडअळी उतरली, हे तुम्हाला आठवत असेल. बाहेरून बोंड हिरवेगार आणि फोडावे तर आत अळी आणि किडका कापूस. मास्तरांची दीड एकर कपाशी तशीच गेली.

यात माझाही वाटा होता. जूनमध्ये मीच त्यांच्या ओट्यावर बसून कामगंध सापळे लावायला सांगितले होते. पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी पाच सापळे, रोज पतंग मोजायचे, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवारणी. हे मी तोंडपाठ सांगितले आणि "सापळे मी आणून देतो" असेही म्हणालो. सापळे वेळेवर आले नाहीत. मी त्यांचा पाठपुरावा केला नाही. बाजारातून घ्या, थांबू नका, एवढा निरोपसुद्धा धाडला नाही. डिसेंबरात पंचनाम्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

मास्तरांनी बोंडे फोडून दाखवली, कागदावर सही केली आणि म्हणाले, "साहेब, चहा घ्या. आज रात्री नाताळचं कीर्तन हाय. थांबा."

मी थांबलो. खरे सांगतो, भक्तीने नाही, संकोचाने थांबलो.

मेंढपाळांची रात्र

प्रार्थनामंदिराच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. गावातली सगळ्या जातीधर्मांची माणसे आली होती. नमन झाले आणि मास्तर एकदम थांबले. चिपळ्या खाली घेऊन म्हणाले, "मंडळी, माझ्या कपाशीला अळी लागलीय. आज पंचनामा झाला. हे आधी सांगतो, कारण पोटात एक ठेवून ओठात दुसरं मला गाता येत नाही."

अंगणात कुणी हलले नाही. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या शेतात तीच अळी होती, आणि तोपर्यंत जो तो ती आपल्याच घरात झाकून बसला होता.

मग त्यांनी आख्यान लावले ते मेंढपाळांचे. ख्रिस्त जन्मल्याची बातमी आधी राजाला गेली नाही, पंडिताला गेली नाही. रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना ती पहिल्यांदा मिळाली. "का मिळाली?" मास्तरांनी विचारले. "कारण ते जागे होते. तुमच्यासारखे. रात्रीच्या लाइटीला थंडीत दारं धरणारा माणूस जागा असतो. देवाला निरोप द्यायचा तर तो झोपलेल्याला कसा देईल?" बायाबापड्या हसल्या, आणि काहींनी पदर डोळ्यांना लावला.

सगळे ठीक होईल, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. "घरात एकटं बसू नका," एवढेच दोनदा म्हणाले.

कीर्तन आटोपले. एक तरुण शेतकरी मागे रेंगाळला. तो ख्रिस्ती नव्हता. त्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि दोन महिन्यांपासून त्याने आमच्या बैठकांना येणे सोडले होते, हे मला ठाऊक होते. मी त्याला योजनेची माहिती देणार, तोवर मास्तरांनी सतरंजीचे दुसरे टोक त्याच्या हातात दिले. घडी घालता घालता म्हणाले, "उद्या सकाळी येतो का? पऱ्हाट्या उपटायच्यात. एकट्याच्यानं होत नाही."

तो आला. आधी मास्तरांच्या, मग त्याच्या स्वतःच्या पऱ्हाट्या दोघांनी मिळून उपटल्या. फरदड न घेता रान वेळेवर मोकळे झाले. हेच मी वर्षानुवर्षे पत्रके वाटून सांगत आलो होतो. त्या कामात तो तरुण त्यांच्याशी काय बोलला ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

बांधावरचे बोलणे

जानेवारीत मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. आधी चूक कबूल केली. ते म्हणाले, "चुकलं ते चुकलं. पुढच्या साली सापळे येत नसतील तर सांगायला तरी या."

मग मी विचारले, "मास्तर, शेत गेलेले असताना तुम्हाला गाणे सुचते कसे?"

ते म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होतो. पोटाला सुकडी आणि मिलो. रात्री दगडांच्या ढिगाशेजारी बसून भजन म्हणायचो. वाद्य काय, तर घमेलं. तेव्हा कळलं, पोट भरलं म्हणून माणूस गात नाही. गायलं की सकाळी हातोडा उचलावासा वाटतो."

"आणि लोक टाळ्या वाजवतात तेव्हा?"

"तेच भ्या असतं बघा. टाळ्या पडल्या की आवाज वर चढतो आणि मन देवाकडून लोकांकडं जातं. म्हणून मी बिदागी घेत नाही, एस.टी.चं भाडं तेवढं घेतो. कीर्तन झाल्यावर सतरंज्या मीच उचलतो. वाकलं की फुगलेला माणूस जरा बसतो."

शेवटी मी आशेविषयी विचारले. ते हसले. "ते तर तुम्हीच शिकवता. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. सत्तर उगवले तर तुम्ही म्हणता, पेरा. तीस मेले म्हणून पेरू नका, असं म्हणता का? येशूनं पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. पण पेरणारा हात आखडून घरी बसला नाही. माझी आशा एवढीच. पीक येईलच असं नाही. पण पेरणारा चांगला हाय, हे मला ठाऊक हाय."

वाचकहो, मी शेतीचा पदवीधर. इतकी वर्षे मी शेतकऱ्याला आकडे देत आलो. आकडे हवेतच. मात्र सापळ्यातले पतंग मोजताना त्या घरात कोण गप्प झाले आहे, हे मी मोजले नव्हते. आता शेतावर गेलो की पिकाआधी माणसाची विचारपूस करतो. तुमच्याही शेजारी कुणी बैठकीला यायचे थांबले असेल, तर उपदेश करायला जाऊ नका. काहीतरी काम काढा आणि त्याला हाताला बोलवा.

आणि कपाशी डिसेंबरअखेर रानातून काढा. हे मात्र मी सांगणारच!

तो तरुण आता मास्तरांच्या मागे टाळ घेऊन उभा राहतो. त्याचा ताल अजून चुकतो. मास्तर मागे वळून बघतात, हसतात आणि पद पुढे चालू ठेवतात.