ट्रेलर ओढायचाय? आधी दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादं नॅशनल पार्क गाठायचं ठरलं, की हॉटेलांचे दर पाहून अनेक मराठी घरांत ट्रॅव्हल ट्रेलरचा विषय निघतो. दारात सात जणांची मध्यम आकाराची एसयूव्ही उभी असतेच. हायलँडर, पायलट, टेल्युराइड, अॅटलस यांपैकी एखादी. हिच बसवून घेतला की झालं, असं वाटतं. या गाड्या ट्रेलर ओढतात आणि नीट ओढतात. पण कुठला ट्रेलर, किती माणसं बसवून आणि किती वेगानं, याबद्दलचे काही समज खिशाला महाग पडतात, तर काही जिवावर बेततात.

गैरसमज: गाडी ५,००० पौंड ओढते आणि ट्रेलर ३,८०० चा आहे, म्हणजे भरपूर वाव आहे

या हिशोबातले दोन्ही आकडे खरे असतात, तरीही हिशोब चुकतो.

आधी ३,८०० पाहू. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरांत छापतात ते ‘ड्राय वेट’. त्यात पाणी नसतं, तुमचं सामान नसतं, डीलरनं नंतर बसवलेली बॅटरीही बहुधा नसते. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंडांचं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड तिथंच वाढले. मग बॅटरी, गाद्या-पांघरुणं, खुर्च्या, ग्रिल, हत्यारांची पेटी, मुलांच्या सायकली. आपल्या घरातून निघताना त्यात कुकर, कढई, तवा, कणीक-तांदळाचे डबे हेही येणारच. सगळं धरून हा ट्रेलर ४,७०० पौंडांवर सहज जातो.

आता ५,०००, म्हणजे सुमारे २,२७० किलो. गाडीची ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं ‘जे २८०७’ हे मानक आहे. त्यातली चढाची चाचणी अॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळच्या ११.४ मैलांच्या घाटाच्या चढावर बेतलेली आहे. कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, गाडीनं ट्रेलर घेऊन ठरावीक किमान वेग राखत तो चढ चढायचा. चाचणी कठीण आहे आणि ती पार करणाऱ्या गाडीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण हा आकडा काढताना गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. सहा माणसं आणि मागं ठासून भरलेली डिकी त्यात नसते.

शिवाय नाव एक असलं तरी क्षमता एकच असते असं नाही. पायलटची चारही चाकं फिरवणारी आवृत्ती ५,००० पौंड ओढते, तर दोन चाकांवर चालणारी ३,५००. हायब्रिड हायलँडरची मर्यादाही ३,५०० च आहे. शेजाऱ्याची गाडी काय ओढते यावर जाऊ नका. आपल्या गाडीची पुस्तिका उघडा.

वस्तुस्थिती: कुटुंबवाल्यांना आधी अडवतो तो पेलोड

चालकाचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पांढरं-पिवळं लेबल दिसतं. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पौंडांपलीकडे जाता कामा नये. हा तुमच्या गाडीचा पेलोड. माझ्या मते ट्रेलरच्या व्यवहारातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि विक्रेत्याच्या तोंडून तो क्वचितच ऐकू येतो.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. पुढचा दांडा गाडीच्या हिचवर टेकतो आणि तिथं खाली दाब देतो. त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलर स्थिर चालायचा असेल, तर हे वजन भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. हा भार गाडीच्याच पाठीवर येतो, म्हणून तो पेलोडमध्ये मोजायचा.

समजा लेबलावर १,४०० पौंड लिहिलंय. आई-बाबा मिळून ३००. भारतातून आलेले आजी-आजोबा २८०. दोन मुलं १५०. झाले ७३०. वजन वाटणारा (वेट डिस्ट्रिब्यूशन) हिच ९० पौंडांचा. ४,७०० पौंडांच्या ट्रेलरचं १३ टक्के टंग वेट म्हणजे ६११. एकूण १,४३१. अजून एकही बॅग गाडीत ठेवलेली नाही आणि मर्यादा ओलांडून झाली आहे. वर ५,००० पौंड ओढणाऱ्या गाडीला हिचवरचा भार बहुतेक वेळा ५०० पर्यंतच चालतो. तीही मर्यादा मोडली.

गैरसमज: टंग वेट जास्त होतंय? मग सामान मागं सरकवा

हा सल्ला सर्वांत घातक. बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथं बैल लगेच अडखळतात आणि चूक कळते. ट्रेलरच्या बाबतीत ती सावकाश चालताना कळतच नाही, कळते ती साठ मैलांच्या वेगावर. बाजूनं एखादा मोठा ट्रक जातो, त्याच्या हवेचा धक्का बसतो आणि ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे डुलायला लागतं. मागचा भार जितका जास्त, तितकं ते डुलणं शमायचं सोडून वाढत जातं आणि शेवटी गाडीचा मागचा भागही सोबत ओढला जातो. मागच्या बंपरवर टांगलेल्या सायकलींनी किंवा चाकांच्या मागं असलेली पाण्याची टाकी भरल्यानं हेच होऊ शकतं. जड सामान चाकांच्या जवळ, किंचित पुढं, जमिनीलगत ठेवायचं. तसं ठेवून टंग वेट मर्यादेत बसत नसेल, तर तो ट्रेलर त्या गाडीचा नाही.

डुलणं सुरू झालं तर वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ ओढून घ्यायचा’, असं सांगणारे अजून भेटतात. वेगानं तर डुलणं भडकतं. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग शक्य तितकं सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात मारू नका आणि ब्रेक कंट्रोलरच्या (त्याबद्दल पुढं) कळीनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावा.

गैरसमज: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच बसवला की क्षमता वाढते

वाढत नाही. त्याच्या स्प्रिंगच्या दांड्या गाडीच्या मागच्या आसावर आलेला काही भार पुढच्या आसावर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक ढिले पडतात. ते पूर्ववत करणं, एवढं या हिचचं काम, आणि ते मोलाचं आहे. पण लेबलावरचा आकडा त्यानं बदलत नाही. काही कंपन्या आपल्या एसयूव्हीला असा हिच लावू नका असंही पुस्तिकेत सांगतात, म्हणून विकत घ्यायच्या आधी ते पान शोधा.

गैरसमज: गाडीचे ब्रेक दणकट आहेत, तेवढे पुरतात

चार पिनांच्या प्लगमधून ट्रेलरला फक्त दिवे मिळतात. ट्रेलरच्या विजेवरच्या ब्रेकना सात पिनांचा प्लग आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर लागतो. मध्यम एसयूव्हीत तो बहुधा बाहेरून बसवून घ्यावा लागतो. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं कायद्यानंच बंधनकारक आहे आणि काही राज्यांत ही मर्यादा आणखी खाली आहे. कंट्रोलर बसवल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये वीस-पंचवीस मैलांच्या वेगानं जा आणि हातानं फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबा. ट्रेलर मागून स्पष्ट ओढताना जाणवला पाहिजे, पण त्याची चाकं घासत अडकता कामा नयेत. तसं होईपर्यंत कंट्रोलरची पातळी कमी-जास्त करत राहायचं.

गैरसमज: वजन बसलं की झालं, इंजिनात तर तीनशे घोडे आहेत

वजनाशी झगडावं लागतं ते चढावर. सपाट रस्त्यावर खरा विरोध हवेचा असतो. ट्रेलरची पेटी आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच धरली, तरी हवेसमोर ६४ चौरस फुटांची भिंत उभी राहते. काही कंपन्या ही पुढची जागाही मर्यादित करतात आणि मध्यम एसयूव्हीला ती बऱ्याचदा याच्या निम्मीच असते. तेवढ्याच वजनाची बोट ओढणं सोपं जातं ते यामुळंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळं ५५ वरून ६५ वर गेलात की तो ४० टक्के वाढतो. मायलेज निम्म्यावर येणं नेहमीचंच आहे.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ मैलांची मर्यादा आहे. ती सगळीकडेच पाळावी असं मला मनापासून वाटतं. ट्रेलरच्या अनेक टायरांची कमाल वेगमर्यादाही ६५ च असते.

कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे तिथं तीनशेतले दोनशेच घोडे उरतात.

‘पण युरोपात तर लहान कारही कॅरॅव्हन ओढतात’

ओढतात. तिथले कॅरॅव्हन हलके असतात, टंग वेट कमी ठेवलेलं असतं आणि वेग बांधलेला असतो. जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटर, ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल. तिथलं फक्त वजन उचलायचं आणि वेग टेक्सासचा ठेवायचा, हे जमणार नाही.

मग मोजायचं कसं?

मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. सामान, माणसं, सगळं भरून जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर तीन वेगळ्या फळ्यांवर उभे राहतील असं थांबा. हातात पडणाऱ्या कागदावर तिन्ही वजनं सुटी छापलेली असतात. मग ट्रेलर सोडून, त्याच माणसांसह, फक्त गाडीचं वजन करा. हिचच्या दांड्या न ताणता केलेल्या पहिल्या वजनातल्या गाडीच्या दोन आसांची बेरीज घ्या आणि तीतून दुसरं वजन वजा करा. राहिलं ते टंग वेट. आसांची वजनंही दारावरच्या मर्यादांशी ताडून पाहा.

अजून ट्रेलर घेतलेला नसेल, तर चौकोनी कुटुंबाच्या ५,००० पौंडी एसयूव्हीला भरून ३,५०० च्या आत राहणारा ट्रेलर शोधा. आधीच घेतला असेल आणि थोडक्यात जास्त होत असेल, तर निघताना पाण्याची टाकी रिकामी ठेवा. बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतो.