पाठांतर आधी की तालमीत? ‘ऑर्फन्स’ नाटक पहिल्या प्रयोगाआधीच का विस्कटलं?

२० फेब्रुवारी २०१३. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून बातमी आली की ‘ऑर्फन्स’ या नाटकातून अभिनेते शाया लबफ बाहेर पडले आहेत. कारण सांगितलं गेलं ‘क्रिएटिव्ह डिफरन्सेस’, म्हणजे कामाबद्दलचे मतभेद. पहिला प्रयोग जेमतेम महिन्यावर आला होता आणि ज्यांच्या नावावर तिकिटं विकली जात होती, त्या दोन स्टारपैकी एक गेला होता.

नाटकात कलाकार एकदा ठरले की सहसा बदलत नाहीत. मग तालमीच्या हॉलमध्ये असं काय घडलं?

नाटक काय होतं?

‘ऑर्फन्स’ हे लाइल केसलर यांचं नाटक पहिल्यांदा १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला झालं. १९८७ मध्ये त्यावर सिनेमाही आला. फिलाडेल्फियातल्या एका पडक्या घरात ट्रीट आणि फिलिप हे दोन अनाथ भाऊ राहतात. चोऱ्या करणारा ट्रीट हॅरॉल्ड नावाच्या श्रीमंत माणसाला पळवून आणतो. पण हॅरॉल्ड निघतो गुंड. तो डाव उलटवतो आणि हळूहळू या दोघांचा जणू बापच होतो.

नाटकात पात्रं फक्त तीन. म्हणजे तिघांचं जमलं तरच नाटक उभं राहणार. २०१३ मध्ये दिग्दर्शक डॅनियल सलिव्हन ते ब्रॉडवेवर आणत होते. हॅरॉल्ड होते अ‍ॅलेक बाल्डविन, ट्रीट शाया लबफ आणि फिलिप टॉम स्टरिज.

बाल्डविन तेव्हा ५४ वर्षांचे होते. रंगभूमी त्यांना नवी नव्हती, १९९२ मध्ये ब्रॉडवेवरच्या कामासाठी त्यांना टोनी पुरस्काराचं नामांकनही मिळालं होतं. २६ वर्षांचे लबफ ‘ट्रान्सफॉर्मर्स’मुळे जगभर पोहोचले होते, पण ब्रॉडवेवर हे त्यांचं पहिलंच नाटक ठरणार होतं.

ठिणगी कुठे पडली?

बाल्डविन यांनी वर्षभरानंतर, फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकात आपली बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्यानुसार लबफ सगळे संवाद पाठ करूनच तालमीला आले होते. बाल्डविन यांची सवय उलटी. ते आधी पाठांतर करत नाहीत. त्यामुळे आपला वेग कमी होतोय असं लबफ यांना वाटू लागलं आणि एके दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी बाल्डविन यांना तसं सुनावलं. त्यावर बाल्डविन यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, ‘दोघांपैकी एकच राहील, हवं तर मी जातो.’ निर्मात्यांनी बाल्डविन यांना ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोन्ही पद्धती रंगभूमीवर मान्य आहेत. काही नट संवाद पक्के करून येतात, म्हणजे तालमीत पूर्ण लक्ष समोरच्यावर देता येतं. काही जण मुद्दाम थांबतात, कारण हालचाली आणि समोरच्याची प्रतिक्रिया कळल्याशिवाय केलेलं पाठांतर साचेबद्ध होतं, असं त्यांना वाटतं. हातातली संहिता सोडण्याला इंग्रजी रंगभूमीवर ‘ऑफ बुक’ होणं म्हणतात. बऱ्याच नाटकांत त्यासाठी तारीख ठरवली जाते, ती याचसाठी.

ट्विटरवर काय झालं?

लबफ गप्प बसले नाहीत. त्यांनी टीममधल्या खासगी ईमेलचे फोटो ट्विटरवर टाकले. त्यात दिग्दर्शक सलिव्हन यांचा एक ईमेल होता. लबफ उत्तम नट आहेत, पण तुम्हा दोघांचं जमणारं नाही आणि हे मला आधीच कळायला हवं होतं, असा त्याचा आशय होता.

स्क्रीनशॉट पाहून लोकांनी बाजू घेतल्या. पण बाल्डविन यांना पाठवलेल्या लबफ यांच्या माफीच्या ईमेलमधला मजकूर थोड्याच वेळात लोकांना ओळखीचा वाटला. त्याचा मोठा भाग २००९ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आलेल्या टॉम किअरेला यांच्या लेखातून उचललेला निघाला. जो पुरावा म्हणून मांडला होता, तोच अंगाशी आला.

नाटकाचं काय झालं?

काही दिवसांतच ट्रीटच्या भूमिकेत बेन फॉस्टर आले. पण नव्या नटाला वेळ हवा होता. प्रीव्ह्यू, म्हणजे समीक्षणं छापून येण्याआधीचे तिकीट लावून होणारे प्रयोग, १९ मार्चऐवजी २६ मार्चला सुरू झाले. अधिकृत शुभारंभ ७ एप्रिलवरून १८ एप्रिलवर गेला. याहून फार पुढे जाणं अवघड होतं, कारण टोनी पुरस्कारांसाठी एप्रिलच्या अखेरीपर्यंत नाटक रंगमंचावर यावं लागतं.

नाटकाला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचं आणि टॉम स्टरिज यांना अभिनयाचं टोनी नामांकन मिळालं. म्हणजे भांडणाच्या गदारोळात ज्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, त्यांचं काम सगळ्यात जास्त वाखाणलं गेलं. तरी ३० जूनपर्यंत चालणार असलेलं नाटक १९ मेलाच बंद झालं. त्याला फक्त भांडण कारणीभूत होतं असं म्हणता येणार नाही. समीक्षणं संमिश्र होती आणि तिकीटविक्रीही पुरेशी नव्हती.

मग चूक कुणाची?

‘कोण बरोबर?’ हा प्रश्न सोशल मीडियावर रंगतो, पण इथे तो अपुरा आहे. एक नट तयारी करून आला होता, दुसरा आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम करत होता. पाठांतर कधीपर्यंत व्हायला हवं, आडलं तर कुणी बोलायचं आणि कुणी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं नाही तर साधा सवयींचा फरक मानापमानावर जातो. तीन पात्रांच्या नाटकात तर तिसऱ्याला बाजूला उभं राहायलाही जागा उरत नाही. ‘क्रिएटिव्ह डिफरन्सेस’ हे दोन शब्द पुढच्या वेळी बातमीत दिसले, तर वाद कलेचा होता की कामाच्या पद्धतीचा, एवढं मात्र जरूर पाहा.