बोधविज्ञानाची पदवी (लेखांक ७) : पंचवीस की बावन्न?

प्रवेश परीक्षांचा तपशील या आठवड्यात द्यायचा होता. तो आणखी एक आठवडा लांबणीवर पडत आहे, कारण संशोधन-प्रश्नाच्या निवडीचा मुद्दा वाशिम जिल्ह्यातील एका गणित पदवीधराच्या पत्राने पुन्हा पुढे आणला आहे. मानसशास्त्र न शिकलेल्या, जवळपास प्रयोगशाळा नसलेल्या विद्यार्थ्याने उद्देशपत्रात, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या हेतुनिवेदनात, लिहावे तरी काय?

उत्तर दुसरीच्या वर्गात सापडते. ‘पंचवीस’ या संख्यानामात एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. म्हणून श्रुतलेखनात एखाद्या मुलाच्या पाटीवर ५२ उमटतात. जर्मनमध्येही उच्चाराचा क्रम असाच असून तेथील मुलांच्या अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. तेलुगूत मात्र ‘इरवै ऐदु’, म्हणजे वीस-पाच, असा सरळ क्रम आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस पाच’ या धर्तीची संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांच्या अडचणीकडे लक्ष वेधून तिचे समर्थन केले. वाद विधानसभेपर्यंत गेला, परंतु तो मुख्यतः भाषेच्या अस्मितेभोवती फिरत राहिला.

बोधविज्ञानाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा, विद्यार्थी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडतो. ‘एकोणतीस’ ऐकताच कानात ‘तीस’ राहतो आणि हात ३ लिहून मोकळा होतो. अशा वेळी लिहिलेले ३९ ही दशकाची चूक होय, तर ९२ ही अंकांच्या अदलाबदलीची. ३३ किंवा ४४ यांत अदलाबदलीला वावच नसल्याने त्या संख्या तुलनेसाठी ठेवाव्या लागतात, आणि प्रतिसादकाल, म्हणजे संख्या ऐकून संपणे व लेखणी टेकणे यांमधला वेळ, दोन्ही गटांत मोजावा लागतो. त्याच संख्या ‘वीस पाच’ पद्धतीने सांगितल्यास कोणती चूक घटते आणि कोणती तशीच राहते, हे त्यावरून कळू शकते. वाशिम जिल्ह्यातल्याच मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांड्यांवर घरी गोरमाटी व शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांचा वेगळा गट घेतला, तर द्विभाषिकतेचा प्रश्नही त्याला जोडता येतो.

असा आराखडा गांधीनगरच्या आयआयटीतील किंवा अलाहाबाद विद्यापीठातील बोधविज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी उपयोगी पडेल. गणितशिक्षणाच्या अंगाने पीएच.डी. करायची असल्यास मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही विचारात घ्यावे. अर्ज करण्यापूर्वी प्रयोग उरकण्याची घाई मात्र करू नये, कारण मुलांवरील संशोधनाला पालकांची संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागते. उद्देशपत्रात प्रश्न, तुलना आणि मोजमाप स्पष्ट असणे पुरेसे आहे.

२०२१ पासून गेट परीक्षेत आलेली मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांची प्रश्नपत्रिका आणि तिच्यातील मानसशास्त्र, भाषाविज्ञान व तत्त्वज्ञान हे पर्याय यांचा विचार पुढील लेखांकात होईल.